दहा बाय अकराच्या खोलीत ईक्यू कुठे लावावा आणि कुठे लावू नये

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच लक्षात येईल. पुण्यात धायरीला फ्लॅटमधली बेडरूम, तिथे तुम्ही गाण्यांचं मिक्सिंग करता, १० फूट रुंद, ११ फूट लांब, उंची साडेनऊ फूट. पाच इंची वूफरचे ॲक्टिव्ह मॉनिटर (ॲम्प्लिफायर आतच असलेले स्पीकर) दहा फुटी भिंतीसमोर स्टँडवर ठेवलेत, त्यांचा पुढचा चेहरा भिंतीपासून अडीच फूट. तुमची खुर्ची मागच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली. मित्राचा मोजणीचा माइक आणून आलेख काढला, तर ५१ हर्ट्झला १० डीबीचं टेकाड आणि ११३ हर्ट्झच्या आसपास १५ डीबीचा खड्डा दिसला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, म्हणजेच फ्रिक्वेन्सी; डीबी म्हणजे आवाजाच्या जोराचं माप). सॉफ्टवेअरने सुचवलं की ११३ ला १२ डीबी वाढवा. तुम्ही वाढवलं, तरी काळी पाच पट्टीत गाणाऱ्या गायिकेचा अभंग घरी ऐकताना तानपुरा आणि डग्गा पोकळच वाटतात आणि तेच मिक्स गाडीत लावलं की दोन्ही अंगावर येतात. आता तुम्ही विचारताय, ईक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सींचा जोर कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरने) खोली सुधारते का, की आवाज शोषणाऱ्या पॅनेलवरच पैसे घालू?

पुण्यात लहान खोल्यांमध्ये मिक्सिंगची व्यवस्था लावून देण्याचं काम मी वीस-बावीस वर्षं करतोय. हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपात दर महिन्याला समोर येतो. माझ्या मते "ईक्यू की पॅनेल" ही निवड दुसऱ्या टप्प्यावरची आहे. त्याच्या आधी हे ओळखायला हवं, की आलेखातला कोणता दोष स्पीकरचा आहे, कोणता खोलीच्या मापाचा आहे आणि कोणता केवळ तुम्ही स्पीकर किंवा खुर्ची कुठे ठेवलीत त्याचा आहे. माइकला हे तिन्ही एकत्रच ऐकू येतात. सॉफ्टवेअर त्यांची बेरीज बघतं आणि तिच्या उलट रेघ काढून देतं. वेगळं काढण्याचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं, आणि सुदैवाने ते कठीण नाही.

तुमच्या ५१ हर्ट्झपासून सुरुवात करू. आवाज एका सेकंदात साधारण ११३० फूट जातो. दोन समांतर भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी बरोबर मावते, ती तिथे अडकून घुमत राहते. म्हणजे ११३० ला दुप्पट अंतराने भागायचं. ११ फुटांसाठी उत्तर येतं ५१. हे टेकाड तुमच्या खोलीच्या लांबीचं आहे, त्यात स्पीकरचा काही दोष नाही. १० फुटी रुंदीचा आकडा ५६ आणि साडेनऊ फूट उंचीचा ५९. तिन्ही मापं जवळजवळ असल्यामुळे तिन्ही घुमण्या ५१ ते ५९ मध्ये दाटीवाटीने बसल्यात. आपल्याकडच्या बेडरूम जवळपास चौकोनी डब्यासारख्याच असतात, त्यामुळे हे चित्र मला वारंवार दिसतं.

ही घुमणी भिंतीजवळ सगळ्यात जोरात असते आणि लांबीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे साडेपाच फुटांवर, जवळजवळ शून्य होते. तुमचं डोकं मागच्या भिंतीपाशी आहे. ५१ हर्ट्झ ऐकायला याहून वाईट जागा त्या खोलीत फक्त कोपऱ्याची. बेस गिटारचा खालचा काळी चार साधारण ५२ हर्ट्झचा असतो. तो स्वर आला की खोली भरून येते, शेजारचा स्वर आला की ओसरते. वाजवणाऱ्याने दोन्ही सारख्याच जोराने वाजवलेले असतात आणि तुम्ही मात्र कंप्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं साधन) लावत बसता.

आता ११३ चा खड्डा. हा वेगळ्या जातीचा आहे. वूफरमधून निघालेला खालचा आवाज फक्त पुढे जात नाही, चहूकडे पसरतो. जो मागे जातो तो स्पीकरमागच्या भिंतीवर आदळून परत येतो. अडीच फूट जायला, अडीच फूट यायला, असा पाच फुटांचा उशीर होतो. ज्या लहरीची अर्धी लांबी पाच फूट, ती परत येते तेव्हा थेट आवाजाच्या अगदी उलट अवस्थेत असते आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. ११३० भागिले अंतराची चौपट, म्हणजे भागिले १०. उत्तर ११३. तुमचा आलेख आणि तुमची मोजपट्टी एकच गोष्ट सांगतायत.

इथे १२ डीबी वाढवून फरक का पडला नाही, हे आता कळेल. तुम्ही थेट आवाज वाढवलात तेव्हा भिंतीवरून परत येणारा आवाजही तेवढाच वाढला. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंना सारखेच गडी वाढवले तर दोर जागचा हलत नाही, फक्त दोरावरचा ताण वाढतो. इथे तो ताण तुमच्या ॲम्प्लिफायरवर येतो. १२ डीबी म्हणजे जवळजवळ सोळापट शक्ती. पाच इंची वूफरला एका खड्ड्यासाठी सोळापट राबवलंत की त्याचा आवाज जोराच्या जागी फाटतो आणि बाकीच्या स्वरांसाठी त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही. शिवाय खोलीत इतर ठिकाणी, जिथे ही वजाबाकी होत नाही, तिथे ११३ हर्ट्झ खरोखरच वाढलेला असतो. शेजारच्या खोलीतून घरचे "आज फार घुमतंय" म्हणत असतील, तर ते बरोबरच ऐकतायत.

आणि तुमचा तानपुरा नेमका तिथेच सापडला. काळी पाचचा षड्ज साधारण २३३ हर्ट्झचा, म्हणजे खर्जाची तार ११६ च्या आसपास. ती सरळ खड्ड्यात. डग्ग्याचा घुमाराही मींड घेत याच भागातून येतो-जातो. घरी तुम्हाला ते ऐकूच येत नव्हतं, म्हणून तुम्ही मिक्समध्ये वाढवत गेलात. गाडीत तो खड्डा नाही, त्यामुळे तिथे तुमची वाढ पूर्णच्या पूर्ण ऐकू आली. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचं गाणं असतं तर खर्ज ६९ च्या आसपास पडला असता आणि कदाचित ही तक्रार आलीच नसती. म्हणून "मागच्या गाण्याला तर असं झालं नव्हतं" हे ऐकलं की मी आधी गायकाची पट्टी विचारतो.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा दहा मिनिटं काढून स्वतः पडताळून बघा. स्पीकर भिंतीकडे सहा इंच सरकवा, म्हणजे अंतर दोन फूट होईल, आणि पुन्हा मोजा. खड्डा ११३ वरून १४१ च्या आसपास सरकला पाहिजे. ५१ चं टेकाड मात्र तिथेच राहील. स्पीकर कुठेही न्या, खुर्ची कुठेही न्या, त्याची फ्रिक्वेन्सी बदलत नाही, फक्त उंची कमी-जास्त होते. दोष ओळखायची माझी हीच कसोटी आहे. सामान हलवल्यावर जो सरकतो तो परावर्तनाचा. जो जागेवर राहून फक्त उंची बदलतो तो खोलीच्या मापाचा. आणि काहीही केलं तरी जो तसाच राहतो, तो बहुधा स्पीकरचा स्वतःचा. ईक्यू दुसऱ्याला चांगला लागू पडतो, तिसऱ्याला जपून लागू पडतो, पहिल्याला अजिबात नाही.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर फार अवलंबून आहे आणि इंटरनेटवरच्या सल्ल्यात ती बहुतेक वेळा सुटते. तिथले बरेच व्हिडिओ अमेरिकेतल्या घरांमधले असतात. त्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या असतात. खालचा आवाज आला की तो बोर्ड हलतो, थोडा आवाज खातो, थोडा बाहेर जाऊ देतो. आपल्या आरसीसीच्या फ्लॅटमध्ये भिंत वीट किंवा ब्लॉकची, वर प्लास्टर, खाली टाइल, डोक्यावर स्लॅब. यातलं काहीच हलत नाही. जेवढा बेस आदळतो तेवढा जवळजवळ सगळा परत येतो आणि बराच वेळ घुमत राहतो. काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यातली खोली मोजली होती. कडीपाटाचं छत, लाकडी दारं, जागोजागी फटी. माप तुमच्या खोलीच्या जवळपासचं, पण बेस इतका पटकन विरत होता की आम्ही तिथे जवळजवळ काहीच केलं नाही. म्हणून "आमच्या खोलीत दोन पॅनेल लावले आणि काम झालं" असं कुणी सांगितलं, की त्यांची भिंत कशाची आहे हे आधी विचारा.

आता करायचं काय. सगळ्यात आधी जागा बदला, यात एक पैसाही लागत नाही. स्पीकर भिंतीपासून लांब ठेवावेत हा सल्ला मोठ्या खोलीत ठीक आहे. खड्डा वूफरच्या आवाक्याच्या खाली ढकलायचा तर अंतर पाच-सहा फूट हवं, आणि ते तुमच्या अकरा फुटांत शक्य नाही. अडीच-तीन फूट हे मधलं अंतर तर सगळ्यात वाईट, कारण खड्डा बरोबर डग्ग्या-तानपुऱ्यावर येतो. म्हणून उलट दिशेने जा. स्पीकर भिंतीलगत न्या. मागे पोर्ट (हवा जाण्या-येण्याचं भोक) असेल तर त्याला श्वास घ्यायला तीन-चार इंच सोडा. पुढचा चेहरा भिंतीपासून साधारण सव्वा फुटावर येईल आणि खड्डा २२५ च्या वर जाईल. तिथे स्पीकरचा आवाज मागे थोडा कमी जातो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चार इंची जाड पॅनेल त्या भागात खरंच काम करतं. ५१ ला त्या पॅनेलचा काही उपयोग नाही, पण २२५ ला आहे.

भिंतीजवळ नेल्यावर बेस एकंदर वाढेल. स्पीकरच्या पाठीमागे त्यासाठीच बटणं दिलेली असतात, बेस २ किंवा ४ डीबी कमी करायची. ती आधी वापरा. लोक त्यांना हातही लावत नाहीत आणि सॉफ्टवेअर विकत घेतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. निर्मात्याने त्या स्पीकरसाठी मोजूनमापून दिलेला ईक्यू आहे तो.

मग खुर्ची. मागच्या भिंतीपासून सुटा. समोरच्या भिंतीपासून डोकं साधारण सव्वाचार ते साडेचार फुटांवर आणा. साडेपाच फुटांवर मात्र बसू नका, तिथे ५१ पूर्ण गायब होईल आणि तुम्ही बेस वाढवत सुटाल. सव्वाचार फुटांवर ते टेकाड बरंच खाली आलेलं असेल, पण नाहीसं झालेलं नसेल, आणि तेच हवंय. शिवाय आता मागची भिंत साडेसहा-पावणेसात फूट लांब गेली. तिच्यामुळे पडणारा खड्डा ४३ च्या आसपास येतो, जिथे पाच इंची वूफरकडे सांगण्यासारखं काही नसतंच. एका हालचालीत दोन दुखणी हलकी झाली. डावा-उजवा स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर आहेत ना, तेही टेपने मोजा, नजरेने नको.

हे झाल्यावर मगच ईक्यू. मोजणीचा माइक मित्राचा आहे म्हणालात, तर त्या माइकची कॅलिब्रेशन फाइल (माइकचा स्वतःचा दोष वजा करणारी) त्याच्याकडून नक्की घ्या. माइक स्पीकरकडे रोखला तर शून्य अंशाची फाइल, छताकडे रोखला तर नव्वद अंशाची. फोनचा माइक खालच्या आवाजासाठी वापरू नका. रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. पंखा बंद, एसी बंद, आणि शक्य असेल तर रात्री उशिरा मोजा. दिवसा रस्त्यावरच्या बसचं आणि पाण्याच्या पंपाचं गुरगुरणं नेमकं आपल्याला हव्या त्या भागात मिसळतं. मोजताना खोलीत काय खणखणतंय तेही ऐका. लोखंडी कपाटाचं दार, सरकत्या खिडकीची काच, कपाटावरचे डबे. स्वीप (मोजणीसाठी वाजवलेला सलग सूर) वर चढत जातो तेव्हा प्रत्येक वस्तू आपापल्या स्वराला बोलते. त्यांना ईक्यू लावता येत नाही, कापडाची घडी लावता येते.

एकाच जागी एकदा मोजून त्या आलेखावर निर्णय घेऊ नका. काम करताना तुम्ही पुढे वाकता, मागे रेलता, कीबोर्डकडे वळता. मी डोक्याच्या आसपास साधारण एक फुटाच्या परिसरात सात-आठ जागी मोजतो आणि सरासरी काढतो. सगळ्या जागी दिसणारं टेकाड खरं. एकाच जागी दिसलेला खड्डा म्हणजे त्या जागेचा योगायोग.

आता फिल्टर लावायचे, पण फक्त कापायचे, आणि फक्त खालच्या भागात. हा खालचा भाग कुठे संपतो? जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक सूत्र आहे. खोलीचं घनफळ आणि आवाज विरायला लागणारा वेळ त्यात घातला की एक सीमा मिळते. तिच्या खाली खोलीच्या घुमण्या सुट्या सुट्या दिसतात, वर त्या इतक्या दाट होतात की एकेक ओळखता येत नाही. तुमची खोली साधारण ३० घनमीटर. आवाज विरायला ०.४ सेकंद धरले तर सीमा २३० हर्ट्झच्या आसपास येते. ही काही भिंतीवर मारलेली रेघ नव्हे, पण कामाला धरून चालायला चांगली. तिच्या खाली मी ईक्यू लावतो. तिच्या वर सहसा लावत नाही, त्याचं कारण पुढे सांगतो.

५१ चं उरलेलं टेकाड समजा ५-६ डीबीचं राहिलं. त्यावर त्याच रुंदीचा फिल्टर लावा, मध्य नीट जुळवा आणि ४ डीबी कापा. पूर्ण सपाट करू नका. सुईसारखा अरुंद फिल्टरही नको. याला एक कारण पुण्याच्या हवेचं आहे. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश तापमान असतं, एप्रिलच्या दुपारी ३८. गरम हवेत आवाज वेगाने जातो, त्यामुळे तुमचं ५१ चं टेकाड थंडीत साडेपन्नासला आणि उन्हाळ्यात ५३ च्या जवळ जातं. अतिअरुंद फिल्टर एका ऋतूत बरोबर बसतो आणि दुसऱ्या ऋतूत बाजूला पडतो.

या कापण्याने फक्त पातळी कमी होते असं नाही, तुमच्या खुर्चीपाशी घुमणंही आखडतं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. खोलीतली सुटी घुमणी आणि साधा ईक्यू फिल्टर एकमेकांची उलट प्रतिमा असतात. फ्रिक्वेन्सी आणि रुंदी जुळली तर फिल्टर त्या घुमणीला तेवढ्या जागेपुरतं मागे खेचतो. द्रुत तीनतालात मात्रा पाव सेकंदाची झाली आणि खोली अर्धा सेकंद घुमत असेल, तर मागच्या दोन मात्रांचा चिखल पुढच्या मात्रेवर साचतो. मग डग्ग्याची लय तुम्हाला कळेल कशी? म्हणूनच या भागात मिनिमम फेज (साधे, जवळजवळ उशीर न करणारे) फिल्टर वापरा, लिनियर फेज नको. लिनियर फेजमध्ये ठोक्याच्या आधी एक अस्पष्ट कंपन येतं आणि उशीरही वाढतो. गायिका माइकसमोर उभी असेल तर तो उशीर तिला लगेच जाणवतो.

खड्डे तसेच सोडा. रुंद, उथळ खड्डा असेल, दोन-तीन डीबीचा, आणि सातही जागी दिसत असेल, तर तेवढा भरायला हरकत नाही. त्याच्या पुढे नाही. आणि स्पीकरच्या खालच्या मर्यादेपाशी, तुमच्या बाबतीत ५० च्या खाली, काहीही वाढवू नका. पोर्टच्या फ्रिक्वेन्सीच्या खाली गेलं की वूफरचा पडदा जवळजवळ मोकळाच हलतो. आवाज येत नाही, पडदा मात्र फाटायला येतो.

आता वरच्या भागात हात का लावायचा नाही ते सांगतो. तिथे माइकला थेट आवाज, टेबलावरून आलेला, छतावरून आलेला, सगळा एकत्र मिळतो. आपला कान तसा ऐकत नाही. थेट आवाज कोणता आणि मागून आलेला कोणता, हे तो बऱ्याच प्रमाणात वेगळं काढतो. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हर्मन कंपनीत याच विषयावर कित्येक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतं. वरच्या भागात स्पीकर कसा आहे हे खोलीतल्या एका आलेखावरून ठरवता येत नाही, त्यासाठी परावर्तनाशिवाय केलेली मोजणी लागते. माइकला ३ हजार हर्ट्झला दिसलेला दात तुमच्या टेबलाचा असू शकतो. तो स्पीकरच्या थेट आवाजातून दुरुस्त केलात, तर जो आवाज आधी बरोबर होता तोच तुम्ही बिघडवला. पडलेला फरक खूप रुंद असेल, आवाज एकंदर उजळ किंवा मंद वाटत असेल, तर एक-दोन डीबीचा हलका उतार पुरतो.

तसंच खोलीतला आलेख २० हजारपर्यंत पट्टीसारखा सरळ करण्याचा हट्ट धरू नका. चांगला स्पीकर साध्या खोलीत मोजला की वरच्या टोकाकडे हलका उतार दिसतोच. तो जबरदस्तीने सरळ केला की आवाज पातळ आणि टोचणारा होतो. मग तुम्ही मिक्समध्ये झांजा आणि चिपळ्या दाबता आणि बाहेर तेच मिक्स मळकट वाटतं.

दुरुस्तीचा ईक्यू कुठे बसवायचा, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात झालेली चूक गाण्याबरोबर जगभर जाते. हा ईक्यू गाण्याचा भाग नाही, तुमच्या खोलीचा आहे. तो मास्टर ट्रॅकवर (जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) लावून फाइल बाहेर काढली की खोलीची उलट छाप गाण्यात कायमची उमटते. पंधरा वर्षांपूर्वी एका भावगीतांच्या अल्बमच्या मास्टरिंगला फाइल आल्या. सगळ्या दहा गाण्यांत ६० च्या आसपास सारखाच ओरखडा होता. वेगवेगळी वाद्यं, वेगवेगळ्या पट्ट्या, आणि भोक मात्र एकाच जागी. खोलीचा ईक्यू मास्टरवर राहून गेला होता. मिक्सची मूळ सेशन शिल्लक नव्हती. मी जेवढं भरता येईल तेवढं भरलं, पण तबल्याचं अंग परत आलं नाही. गायकाने त्या अल्बमसाठी दोन वर्षं घालवली होती. तेव्हापासून कुणाचीही खोली लावून दिली की हा एक प्रश्न मी निघताना दारातसुद्धा विचारतो.

रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरिंग एफएक्स म्हणून वेगळी जागा आहे, तिथे लावलेलं काहीही फाइलमध्ये जात नाही. क्यूबेस या तशाच सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल रूममध्ये लावता येतं. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतो आणि सगळ्या संगणकाच्या आवाजाला लागतो, पण तुम्ही आसिओ ड्रायव्हर (आवाज विंडोजला वळसा घालून थेट ऑडिओ इंटरफेसकडे नेणारा) वापरत असाल तर तो मधे येतच नाही. अनेक जण तो लावून समाधानात राहतात आणि मिक्स करताना मुळात दुरुस्तीशिवायच ऐकत असतात. स्पीकरमध्येच डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) असेल तर सगळ्यात उत्तम, विसरायची सोयच नाही. आणि हेडफोन लावताना हा ईक्यू बंद करायची सवय लावा. खोलीचा दोष हेडफोनमध्ये नसतो.

राहिला पॅनेलचा मुद्दा. ५१ हर्ट्झची लहर बावीस फुटांची असते. मऊ जाड वस्तूने तिला खायचं तर त्या वस्तूची जाडी किंवा भिंतीपासूनचं अंतर काही फुटांत लागतं. एक इंची त्रिकोणी फोमने ते होणार नाही, अंड्यांच्या ट्रेने तर काहीच होणार नाही. फोम फक्त वरचा आवाज खातो आणि खोली आणखी घुमणारी वाटू लागते, कारण झगझगीतपणा गेला आणि बेस होता तसाच राहिला. तुमच्याकडे मर्यादित पैसे असतील तर रॉकवूलच्या स्लॅबची चार इंची सहा पॅनेल करा. चौकट भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या साध्या लाकडाची, वर मांजरपाट किंवा ज्यातून फुंकर आरपार जाते असं कोणतंही सुती कापड. दोन स्पीकरमागे, दोन बाजूच्या भिंतींवर जिथे आरशात स्पीकर दिसतो तिथे, आणि दोन मागच्या कोपऱ्यांत, भिंतीपासून सुटी, तिरकी. भाड्याचं घर असेल तर खिळे न ठोकता पायांवर उभी करा.

तेवढंही लगेच शक्य नसेल तर घरातल्या कापसाच्या जुन्या गाद्या मागच्या कोपऱ्यांत उभ्या करून बघा. दिसायला बऱ्या नाहीत, पण शंभर-दीडशेच्या वर त्या चांगलं काम करतात. माझ्या पहिल्या खोलीत तीन वर्षं त्याच होत्या. ५१ साठी मात्र जागा आणि ईक्यू यांवरच भिस्त ठेवा. तुमच्या मापाच्या खोलीत तेवढा खोल सापळा बसवला तर तुम्हाला बसायला जागा उरणार नाही.

सगळं लावून झालं की सिंथवर साधा साइन आवाज घ्या आणि ४० पासून १३० हर्ट्झपर्यंत एकेक स्वर, सारख्या जोराने, हळूहळू चढत वाजवा. कोणता स्वर फुगतो, कोणता बुडतो, ते कागदावर लिहा आणि कागद स्पीकरजवळ चिकटवा. काही खड्डे राहतीलच, प्रत्येक खोलीत राहतात. पण ते कुठे आहेत हे माहीत असलं की तिथे आल्यावर तुम्ही फेडरला हात लावण्याआधी हेडफोन उचलता. नवीन गायक आला की आधी त्याची पट्टी त्या कागदाशी ताडून बघा.

आणि तो अभंग. नव्या मांडणीत बसल्यावर तानपुऱ्यावर आणि डग्ग्यावर तुम्ही शंभरच्या आसपास जी वाढ केली आहे ती पूर्ण काढून टाका, कमी करू नका, शून्यावर आणा. गायिकेचा आवाज आणि तानपुरा एवढेच दोन ट्रॅक उघडे ठेवून सुरुवातीचा आलाप ऐका. खर्ज तिच्या षड्जाखाली टेकल्यासारखा वाटला की मग डग्गा उघडा. त्यानंतर गाडीत न्या, आणि ५१ आणि ११३ चे नवे आलेख काढलेत की पट्टीने मोजलेल्या अंतरांसह पाठवा. पुढचे फिल्टर आपण आकडे बघून ठरवू.